मुगाएवढा मोरचूद

मारोतराव बारापात्रे पहिल्यांदा माझ्याकडे आले ते एका बाटलीवरचं नाव घेऊन. १९७३ सालचा जुलै महिना असेल. त्यांची मुलगी कौसल्या माझ्या वर्गात सातवीला होती. शाळा सुटली तेव्हा फाटकाशी एक उंच, सडपातळ माणूस उभा दिसला. अंगात खाकी पँट, पांढरा अर्ध्या बाह्यांचा सदरा आणि हातात कागदाचा चिटोरा. चिटोऱ्यावर इंग्रजी अक्षरं होती, पण लिहिलेली नव्हती. रांगोळीची नक्षी उतरवून घ्यावी तशी एकेक अक्षर बघून काढलेलं होतं.

"गुरुजी, हे काय म्हनते?" त्यांनी विचारलं.

मी वाचून दाखवलं, ॲस्परजिलस नायगर. ही एका बुरशीची जात, आणि नायगर म्हणजे काळी, एवढं मला सांगता आलं. पहिल्या शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता. तसं म्हटल्यावर ते उद्या येतो म्हणाले, आणि खरंच दुसऱ्या दिवशी त्याच वेळी त्याच जागी उभे राहिले. मी मधल्या सुट्टीत शब्दकोश पाहून ठेवला होता. ख्रिस्ती देवळात पवित्र पाणी शिंपडायचा एक कुंचा असतो, त्याच्यासारखा या बुरशीचा आकार सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो, म्हणून एका पाद्र्याने तिला ते नाव दिलं. हे सांगितल्यावर मारोतरावांचा चेहरा एखादा नातेवाईक भेटावा तसा झाला.

"म्हंजे कुंचा," ते म्हणाले. "तो तं आमच्या घरी हाये. खळ लावायचा."

बारापात्रे हे कोष्टी घराणं. नागपुरात गोळीबार चौकाच्या मागच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं आणि त्यातली मोठी खोली मागाला दिलेली होती. वडील असताना दोन माग चालत. पुढे यंत्रमागाचं लुगडं स्वस्त झालं आणि एक माग निघाला. मारोतरावांनी कॉलेजातली नोकरी धरली. उरलेला माग त्यांची बायको देवकी आणि धाकटा भाऊ चालवत.

नोकरी होती वनस्पतिशास्त्राच्या विभागात परिचराची. काचेची भांडी धुणे, पाणी उकळणे, मुलांच्या प्रयोगाआधी टेबलं मांडणे आणि नंतर आवरणे. आठ वर्षं झाली तरी नेमणूक तात्पुरतीच होती. दरवर्षी कायम करण्याची शिफारस वर जायची आणि दरवर्षी कुठल्या तरी टेबलावर बसून राहायची. त्याबद्दल ते फारसं बोलत नसत. बोलत ते इतर गोष्टींबद्दल. उकळून थंड केलेलं पाणी बेचव का लागतं? जास्वंदीच्या रसात चुन्याचं पाणी घातलं की हिरवं होतं आणि लिंबू पिळलं की लाल, मग मुळात त्याचा रंग कोणता? महिन्यातून एकदोनदा ते असा एखादा प्रश्न घेऊन येत. मी निम्म्यांची उत्तरं देऊ शकत असे. उरलेल्या निम्म्यांमुळे माझं वाचन वाढलं.

बुरशीचं प्रकरण अरुंधती पिंपळापुरे यांच्यामुळे सुरू झालं. या प्रतापनगरच्या. तेव्हा प्रतापनगर नवंच वसत होतं, दोन घरांमध्ये चार रिकामे प्लॉट. तिथून त्या सायकलने कॉलेजात येत. वय सत्तावीस-अठ्ठावीस. विभागप्रमुख डॉ. मधुसूदन देवपुजारी यांच्या हाताखाली त्यांनी पीएचडीचं काम घेतलं होतं. विषय संत्र्याच्या सालींचा.

कळमेश्वरच्या रस्त्यावर संत्र्याच्या रसाचा एक कारखाना होता. हंगामात तिथे रोज ट्रकच्या ट्रक साली उरत. त्या मागच्या नाल्याकडे ढिगाने पडत, कुजत, माश्या बसत. त्याच कारखान्याला सरबतात घालायला सायट्रिक ॲसिड लागे, आपल्या इतवारीच्या किराणा दुकानात निंबूफूल म्हणून मिळतं ते, आणि ते बाहेरगावाहून डब्यांनी येई. म्हणजे मागच्या दाराने साल जाते आणि पुढच्या दाराने आंबट येतं. त्या सालीवर ही काळी बुरशी वाढवली तर ती सालीतली साखर खाऊन सायट्रिक ॲसिड तयार करते, हे जगात ठाऊक होतं. आपल्या सालीवर, आपल्या हवेत, साध्या ट्रेमध्ये ते किती आणि कसं होईल, हे अरुंधतीबाईंना शोधायचं होतं.

मारोतरावांना हे कळलं त्या दिवशी ते माझ्याकडे आले आणि बराच वेळ बसले. साल कडू, साखर गोड, बुरशी काळी, आणि यातून निघणार आंबट, हे त्यांच्या मनात बसेना. "चवच बदलवते जी ते," असं दोनदा म्हणाले आणि चहा न घेताच उठले.

बाईंना मदतीला त्यांनाच दिलं होतं. कारखान्यातून पोत्यांनी साली यायच्या. ओल्या सालीत तेल असतं, नखाने दाबली की डोळ्यांत उडतं ते, आणि त्या तेलापुढे बुरशी टिकत नाही. म्हणून साली आधी गच्चीवर वाळवायच्या. उन्हाळ्यात नागपूरच्या उन्हाला हे काम सांगावं लागत नाही. मग त्या कुटायच्या, बादलीत पाण्याने कालवायच्या, वाफेत शिजवायच्या, थंड झाल्या की एनॅमलच्या ट्रेमध्ये पसरून वर बुरशीचं बी शिंपडायचं. बंद खोलीत दोन मोठे बल्ब लावून ऊब धरायची. सातव्या-आठव्या दिवशी ट्रेमधलं सगळं पिळून ते पाणी किती आंबट झालं हे मोजायचं.

यात एक गंमत होती आणि ती मारोतरावांनी मला फार आनंदाने सांगितली. नाव काळी असलं तरी ती काळी होऊन चालत नाही. आधी ती ट्रेवर पांढरी पसरते, दाट, एकसारखी. तेवढ्या दिवसांत ती आंबट करते. मग तिला बी धरतं, ते काळं असतं, आणि काळं दिसायला लागलं की आंबट होणं मंदावतं. जितकी जास्त दिवस पांढरी राहील तितकं चांगलं. एकदा त्यांनी मला खोलीच्या दारातून एक ट्रे दाखवला. मला कापूस पसरल्यासारखं दिसलं. त्यांना वेगळं दिसत होतं. "ताना-बाना पाहा," ते म्हणाले. "कोनी बसून विनलं नाही, अन् एक गाठ नाही."

पण हा ट्रे पुढचा. आधीचा पावसाळा फार वाईट गेला होता.

१९७४ च्या जुलैपासून ऑगस्टच्या शेवटापर्यंत एकही ट्रे धड गेला नाही. हवेत ओल, खोलीला ओल. दोन दिवसांत ट्रेवर हिरव्या बुरशीचे डाग उठत, पोळीवर येते ती, आणि आंबटाऐवजी कुजका वास यायचा. चारदा सगळं फेकून पुन्हा केलं. विभागात भैयाजी म्हणून एक जुने शिपाई होते, चहाचं काम त्यांच्याकडे. ते मारोतरावांना म्हणत, "घरी बुरशी आली तं बायको बोंबलते, अन् इथं आली नाही तं बाई रडते. तू मधात काहून अडकला गा?" हसण्यासारखंच होतं, पण पाचव्या वेळी ट्रे हिरवे निघाले तेव्हा अरुंधतीबाई खरोखरच रडल्या. कोणी पाहू नये म्हणून ट्रेच्या खोलीत गेल्या होत्या. मारोतराव तिथेच बादली धूत होते.

यापुढचं समजायला कोष्ट्यांच्या घरातली एक रीत सांगायला हवी. मागावर चढवण्याआधी ताण्याच्या उभ्या सुताला खळ लावतात, म्हणजे भाताची किंवा पिठाची पातळ पेज कुंच्याने पाजतात, सूत ताठ आणि बळकट व्हावं म्हणून. ही खळ पावसाळ्यात नासते. तिला बुरशी लागली की सुतावर डाग पडतात आणि पंधरा दिवसांचं लुगडं वाया जातं. म्हणून खळ शिजवताना तिच्यात मोरचुदाचा एक खडा टाकायचा. तो निळा, काचेसारखा, औषधी दुकानात मिळतो तोच. किती टाकायचा याचं बारापात्र्यांच्या घरात एकच माप होतं. मारोतरावांच्या वडिलांनी ते त्यांना आठव्या वर्षी शिकवलं होतं: मुगाएवढा, तुरीएवढा नाही. कमी झाला तर डाग पडतो, जास्त झाला तर सुताचा रंग बिघडतो. अडकित्त्याने खडा फोडून नेमका तेवढा कपटा काढायची त्यांच्या हाताला इतकी सवय होती की देवकीबाई अजूनही खळ शिजवताना त्यांनाच हाक मारत.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मारोतरावांनी घरून एका डबीत मोरचूद आणि जुना अडकित्ता आणला. सकाळी बाई यायच्या आत साली कालवून ठेवणं हे त्यांचंच काम होतं. त्यांनी बादलीत मुगाएवढा खडा टाकला, विरघळवला आणि रोजच्यासारखं वाफेला लावलं.

त्या वेळचे ट्रे नऊ दिवस पांढरे राहिले.

बाईंनी पिळून मोजलं तेव्हा आधीच्या चांगल्या ट्रेपेक्षाही अडीच पट आंबट निघालं. त्यांना वाटलं खोलीची ओल कमी झाली, साली जास्त वाळल्या. त्यांनी तसं वहीत लिहिलंही. मारोतरावांनी काही सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. त्यांच्या लेखी ती सांगण्याची गोष्टच नव्हती. भांडं घासून घेतलं हे कोणी वेगळं सांगत नाही, तसं. आणि बाई हसत होत्या.

पुढचे सहा महिने दर आठवड्याला हेच झालं. एकूण चोवीस बादल्या, प्रत्येकीत एक खडा. फेब्रुवारीत बाईंनी प्रबंध लिहायला घेतला. कारखान्याचे मालक एकदा येऊन ट्रे पाहून गेले. कोणत्या साली, किती पाणी, किती ऊब, किती दिवस, सगळं तक्त्यात मांडलं गेलं. मोरचूद सोडून सगळं.

डॉ. देवपुजारी सरांचा एक नियम होता. विद्यार्थ्याचा प्रबंध विद्यापीठात जाण्याआधी त्यातला मुख्य प्रयोग ते स्वतःच्या हाताने एकदा करून बघत. लिहिलंय तसंच, शब्दाला शब्द धरून. १९७५ च्या मार्चमध्ये त्यांनी तो केला. त्याच सुमारास मारोतराव दहा दिवस सावनेरला गेले होते, मेहुण्याच्या घरी लग्न होतं. साली भैयाजींनी कालवल्या आणि सर बाजूला उभे होते.

ट्रे तिसऱ्याच दिवशी काळे पडले. आंबटपणा तक्त्यातल्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्शालाही पोचला नाही. सरांनी पुन्हा केला. पुन्हा तेच.

सर आवाज चढवणाऱ्यांपैकी नव्हते. त्यांनी अरुंधतीबाईंना बोलावून दोन्ही वेळचे आकडे दाखवले आणि म्हणाले की तुमच्या वहीतले आकडे या पद्धतीने येत नाहीत, मग ते कुठून आले हे तुम्ही मला सांगा. महिनाअखेरपर्यंत सांगता आलं नाही तर मी सही करणार नाही. याचा अर्थ स्पष्ट होता. सही नाही म्हणजे पदवी नाही, आणि एवढंच नाही. आकडे बनवून लिहिणारी बाई म्हणून नाव झालं की पुन्हा कोणी प्रयोगशाळेत उभं करणार नव्हतं. बाईंना सांगण्यासारखं काहीच नव्हतं, कारण त्यांनी खरंच तसंच केलं होतं असं त्यांना वाटत होतं.

मारोतराव सावनेरहून परतले आणि भैयाजींनी त्यांना दारातच सगळं ऐकवलं. मारोतराव काळे ट्रे पाहायला गेले. त्यांना लगेच कळलं.

त्या संध्याकाळी ते माझ्याकडे आले. त्यांनी मोरचुदाचं सगळं सांगितलं आणि मग एक प्रश्न विचारला. प्रबंधात लिहितात ते कशासाठी? मी सांगितलं की दुसऱ्या कोणी कुठेही तसंच केलं तर तसंच व्हावं, यासाठी. "मंग खळ अन् हे एक नाही," ते म्हणाले. त्या वर्षी त्यांच्या कायम होण्याचा कागद पहिल्यांदाच शेवटच्या टेबलावर पोचला होता. तेही त्यांनी सांगितलं, पण त्यावर प्रश्न विचारला नाही. मला काय बोलावं सुचलं नाही. शिक्षकाला अशा वेळी सुचायला हवं असं लोकांना वाटतं.

दोन दिवस ते कामावर गेले आणि काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी देवकीबाईंनी खळ शिजवताना हाक मारली तेव्हा त्यांच्या हातून खडा फुटेना. त्यांनी कारण विचारलं आणि मारोतरावांनी सांगून टाकलं. देवकीबाई कमी बोलणाऱ्या, पण बोलल्या की माग थांबे. हा पुढचा भाग मला त्यांनीच नंतर सांगितला.

"घरच्या खळीत टाकता तं मले विचारून टाकता," त्या म्हणाल्या. "पानी किती, पीठ किती, मंग खडा. अन् तिथं त्या बाईले न विचारता टाकला काहून जी?"

"ते रडून राहिली होती वं."

"आता काय करून राहिली?"

मारोतराव उठले. ते चप्पल घालून निघाले. डबी आणि अडकित्ता खिशात होते.

सरांच्या खोलीत अरुंधतीबाई बसलेल्या होत्या. टेबलावर टंकलिखित प्रबंध होता. मारोतराव दारात उभे राहिले आणि परवानगी न घेता बोलायला लागले, हे इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"सर, बाईंचे आकडे खोटे नाही. मी बादलीत मोरचूद टाकत होतो."

सरांनी चष्मा काढला. "काय टाकत होता?"

"मोरचूद. घरी खळीत टाकतो तो. सप्टेंबरपासून."

"कोणी सांगितलं होतं?"

"कोनीच नाही."

अरुंधतीबाईंना हायसं वाटेल असं मारोतरावांना वाटलं होतं. तसं झालं नाही. त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्या म्हणाल्या, "मारोतराव, मी सात महिने तुमच्या भरवशावर एकेक ओळ लिहिली. तुम्ही रोज समोर होता." नंतर मारोतराव मला म्हणाले की सरांचं काहीच लागलं नाही, बाईंचं ते 'रोज समोर होता' फार लागलं.

सरांनी मात्र लगेच हिशेब मांडला. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार, आणि तो थोडा असेल तर सालीतलं आणि ट्रेच्या उडालेल्या एनॅमलखालचं लोखंड तो आवरून धरतो, हे त्यांच्या वाचनात होतं. लोखंड जास्त झालं की ही बुरशी नुसती फोफावते आणि आंबट करत नाही. म्हणजे आकडे खरे असू शकत होते. पण ते म्हणाले की त्याचा आता उपयोग नाही. चोवीस बादल्यांत दर वेळी किती पडला हे कोणालाच माहीत नाही. चोवीस वेगवेगळे प्रयोग झाले ते. सगळे रद्द.

"वेगवेगळे नाही, सर," मारोतराव म्हणाले. "दर वेळी मुगाएवढाच."

"मुगाएवढा म्हणजे किती?"

"तुरीएवढा नाही."

अरुंधतीबाईंनी अशाही वेळी वर पाहिलं. सर उठले आणि म्हणाले, "चला."

रासायनिक तराजू काचेच्या पेटीत असतो. त्याचं दार बंद केल्याशिवाय वजन घेत नाहीत, श्वासानेही काटा हलतो. सरांनी मारोतरावांना तराजूकडे पाठ करून दुसऱ्या टेबलाशी बसवलं आणि डबीतून खडे फोडायला सांगितलं. विचार करू नका, बादलीत टाकता तसे काढा. मारोतरावांनी अडकित्ता धरला. सकाळी घरी थांबलेला हात इथे चालू झाला. एक कपटा फुटला की भैयाजी तो कागदावर घेऊन सरांकडे नेत. सर वजन करत, बाई लिहीत.

पहिला चौसष्ट मिलिग्रॅम. दुसरा एकसष्ट. मग अडुसष्ट, सहासष्ट, त्रेसष्ट. दहा झाले तेव्हा सर्वांत हलका अठ्ठावन्न होता आणि सर्वांत जड एकाहत्तर. कागदाकडे पाहून सरांनी आणखी दहा मागितले. ते दहाही त्याच पट्ट्यात आले. सर तिसऱ्यांदा दहा मागायला निघाले तेव्हा भैयाजी म्हणाले की डबी रिकामी झाली.

"हे प्रयोगशाळेच्या चमच्याने मला जमणार नाही," सर म्हणाले. त्यांना ते कोणाला ऐकवायचं नव्हतं बहुतेक. मग त्यांना काही सुचलं आणि त्यांनी भैयाजींना कॉलेजच्या खानावळीतून मूठभर मूग आणायला पाठवलं. एक मूग तराजूत घातला. अडतीस मिलिग्रॅम.

"मग हा मुगाएवढा कुठे आहे?" सरांनी विचारलं.

"पाहायले मुगाएवढा, सर," मारोतराव म्हणाले. "तो दाना, हा दगड. जड तं राहीलच."

बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी ते वाक्य वहीत लिहून घेतलं. मी ती वही पुढे पाहिली आहे.

चोवीस बादल्या वाचल्या. पण प्रबंध होता तसा जाऊ शकत नव्हता. सरांनी बाईंना पुढचे चार महिने दिले. मोरचूद बिलकुल नाही, अर्धा, एक, दोन आणि चार मूग, असे पाच प्रकारचे ट्रे, प्रत्येक वजन तराजूवर केलेलं, प्रत्येक प्रकार सहा वेळा. मारोतरावांनी आता हाताने खडा काढायचा नाही, हे पहिल्याच दिवशी ठरलं. ते तराजू शिकले. सुरुवातीला ते आधी हाताने कपटा काढून ठेवत, मग वजन करून दोन्हींत किती फरक पडला ते बघत. बाईंनी एकदा ते पाहिलं आणि काही म्हटलं नाही. त्या दिवसांत त्या त्यांच्याशी कामापुरतंच बोलत. हे इकडे ठेवा, ते तिकडे न्या. पूर्वी त्या चहा घेताना त्यांना सूक्ष्मदर्शकातून काय दिसतं ते सांगत असत. ते बंद झालं होतं.

निकाल असा आला की बिलकुल नसेल तर ट्रे तिसऱ्या दिवशी काळा. अर्ध्याने थोडा फरक. एका मुगाने सर्वांत चांगला. दोनला उतरता. चारला बुरशी दोन दिवस रुसून बसली आणि मग कशीबशी उगवली. म्हणजे मारोतरावांच्या वडिलांनी सुताचा रंग सांभाळायला जे माप ठरवलं, तेच या बुरशीला मानवलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, असं सरांनी मला नीट समजावून सांगितलं. मला ते पटलं, तरी नवल वाटायचं राहिलं नाही.

मारोतरावांना लेखी खुलासा द्यावा लागला. तो त्यांनी माझ्या ओसरीवर बसून लिहिला. मी फक्त शुद्धलेखन पाहिलं. न विचारता टाकला, कारण विचारायची गोष्ट आहे हे समजलं नाही, आता समजलं, एवढाच मजकूर होता. ताकीद मिळाली आणि कायम होण्याचा कागद एक वर्ष मागे गेला. पुढच्या वर्षी तो आला.

प्रबंधात बाईंनी नवं प्रकरण घातलं. आधीच्या चोवीस वेळांबद्दल एक वाक्य मात्र त्यांना लिहावं लागलं: या बादल्यांत लेखिकेच्या नकळत, हाताने, सरासरी पासष्ट मिलिग्रॅम मोरचूद घातला गेला होता. हे वाक्य वाचून बाहेरचे परीक्षक काय म्हणतील याची त्यांना धास्ती होती. सरांनी विचारलं की काढायचं का. त्या नाही म्हणाल्या.

मौखिक परीक्षा १९७६ च्या ऑगस्टमध्ये झाली, विभागाच्या मोठ्या खोलीत, सर्वांना खुली. बाईंनी मलाही बोलावलं होतं. परीक्षक पुण्याहून आलेले, वयस्क, हळू बोलणारे. त्यांनी तासभर प्रश्न विचारले आणि शेवटी त्या वाक्यावर बोट ठेवलं. "नकळत म्हणजे? तुमच्या प्रयोगात तुम्हाला न कळता कोणी काही घालतं, आणि तुम्ही ते छापता?"

बाई म्हणाल्या, "घडलं ते असं घडलं. ते वाक्य काढलं तर पुढचं प्रकरण मी का केलं हे सांगता येणार नाही." आणि मग थोडं थांबून, "ज्यांनी घातलं त्यांनी स्वतः येऊन सांगितलं. नाहीतर मी आज इथे नसते."

परीक्षकांनी मान हलवली आणि पुढचं पान उलटलं. सगळ्यात शेवटी त्यांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, कोणाला काही विचारायचं आहे का. प्राध्यापकांपैकी कोणी बोललं नाही. भैयाजी चहाचे कप घेऊन आत आले होते. त्यांच्यामागे दारात पाण्याचा जग धरून मारोतराव उभे होते.

"मले एक विचारायचं होतं," ते म्हणाले.

सगळ्यांनी वळून पाहिलं. देवपुजारी सरांनी काही म्हणण्याआधी परीक्षकांनी "विचारा" म्हटलं.

"बुरशी साखर खाते, अन् आंबट करते. हे आंबट ते स्वतःसाठी करते, का दुसऱ्या बुरशीले हाकलायसाठी? का तिले नको असते म्हनून टाकून देते? आपन कामाले आनतो ते वेगळं. तिले कायले पाहिजे?"

परीक्षक खुर्चीत मागे टेकले. म्हणाले की याचं खात्रीचं उत्तर अजून आम्हाला नाही, दोनतीन तर्क आहेत. आणि एकेक तर्क सांगायला लागले. सरांनी एकाला हरकत घेतली. बाईंना दुसरा पटला नव्हता. बोलता बोलता त्या उठल्या, त्यांनी भिंतीशी असलेली एक खुर्ची ओढून आपल्या शेजारी ठेवली.

"मारोतराव," त्या म्हणाल्या, "तो जग खाली ठेवा आणि इथे बसा. ते तुमच्या प्रश्नाचं उत्तर देताहेत."

मारोतरावांनी जग ठेवला, पँटीला हात पुसले आणि बसले. बोलणं तीन वाजेपर्यंत चाललं. भैयाजींना चहा दुसऱ्यांदा करावा लागला आणि त्यांनी या वेळी एक कप जास्त केला.